बाईच्या नावावर धंदा, बाईच्या नावावर कर्ज: कुठं जायचं आणि काय मागायचं

"ताई महिलांसाठी कुठली स्कीम आहे का हो?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी येतो आणि मी दरवेळी उलट विचारते की पैसे कशाला पाहिजेत, तर निम्म्या जणी म्हणतात "बघू, आधी मिळू तर दे". इथंच घोडं अडतं. स्कीम शेवटी शोधायची असते. आधी आकडा ठरवायचा, मग तो आकडा मशीनला लागतोय की मालाला ते ठरवायचं, आणि मग कुठल्या दारात जायचं ते आपोआप कळतं.

मी स्वतः मसाल्याच्या धंद्यात आहे, कांडप मशीनपासून सुरुवात केली, आणि आता आजूबाजूच्या बायकांच्या फायली बघून देते, पैसे घेत नाही, चहा घेते. त्यामुळं हे जे लिहितेय ते महाराष्ट्रातल्या बायकांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, काही योजना केंद्राच्या आहेत त्या बाकी राज्यातही चालतात.

मशीन, फ्रीज, ओव्हन, शिलाईची पॉवर मशीन असलं काही घ्यायचं असेल तर टर्म लोन, म्हणजे ठरलेला हप्ता. कच्चा माल भरायचा, गिऱ्हाइकाकडं उधारी अडकलीय, असं असेल तर सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज आणि माल विकला की परत भरायचे. बऱ्याच बायका माल भरायला टर्म लोन घेतात, मग माल दोन महिन्यात विकला जातो, पैसा घरात खर्च होतो आणि हप्ता मात्र तीन वर्षं चालूच. आकडा काढताना हप्ता पण काढा. २ लाखाचं कर्ज ११ टक्क्यानं ३ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला साधारण ६,५५० रुपये. आता सगळा खर्च जाऊन, स्वतःची मजुरी धरून, महिन्याला एवढे बाजूला पडतात का? पडत नसतील तर १ लाख मागा, लाज नाही त्यात.

बँकेला तुम्ही दिसल्या पाहिजेत

ही गोष्ट कुठल्याच योजनेच्या माहितीपत्रकात नसते म्हणून जरा लांबण लावते. तीन वर्षं झाली धंदा करतेय म्हणणारी बाई बँकेत जाते आणि साहेब कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडतो तर त्यात काय दिसतं, गॅसची सबसिडी आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये. बस. धंद्याचे पैसे कुठं जातात? दुकानात काउंटरवर जो क्यूआर कोड चिकटवलाय तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खात्याचा असतो! मालाचं बिल नवऱ्याच्या नावाचं, लाइट बिल सासऱ्याच्या. म्हणजे बँकेच्या हिशोबात ही बाई धंदा करतच नाही.

तर कर्ज मागायच्या निदान सहा महिने आधी एवढं करा. स्वतःच्या नावाचं खातं, जमलं तर धंद्यासाठी वेगळं करंट खातं, आणि क्यूआर त्या खात्याचा. रोख विक्री असेल तर आठवड्याला एकदा भरणा. मालाची बिलं स्वतःच्या नाहीतर फर्मच्या नावानं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करा, आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर एक पैसा लागत नाही, अगदी शून्य, तरी सरकारी वाटतील अशा साइट बनवून दोन दोन हजार उकळणारे बसलेत त्यांच्यापासून सांभाळा. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन, बाकी शॉप अ‍ॅक्ट, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ते. झालं.

आणि सिबिल, म्हणजे तुम्ही आजवरची कर्जं कशी फेडलीत त्याची नोंद. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७०० च्या वर असला की बरं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा आणि बघा की तुमच्या नावावर काय काय आहे, कारण कितीतरी जणींना माहीतच नसतं की नवऱ्याच्या गाडीच्या कर्जाला आपण जामीन म्हणून सही केलेली आणि ते थकलंय, ते तुमच्याही रिपोर्टला येतं. सोनं गहाण ठेवलेलं, गटातून मायक्रोफायनान्सचं घेतलेलं, सगळं दिसतं.

याच्याच जोडीला दुसरी बाजू. "बायकोच्या नावानं सबसिडी जास्त मिळते" म्हणून नवरे फाइल घेऊन येतात, बाई फक्त सहीला. माझं स्पष्ट मत आहे की धंदा तिला माहीत नसेल तर सही करू नये. अहो हप्ता चुकला तर नोटीस तिच्या नावानं येणार, सिबिल तिचं जाणार. सहा महिन्यांनी तिला खरंच स्वतःचं काहीतरी काढायचं असेल तेव्हा दार बंद.

बचत गट, म्हणजे सगळ्यात स्वस्त पैसा

शिकलेल्या बायका गटाला नाक मुरडतात, "दहा रुपये गोळा करत कोण बसणार". बसा. ग्रामीण भागात उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, आणि शहर गाव दोन्हीकडं माविम, म्हणजे १९७५ पासूनचं महिला आर्थिक विकास महामंडळ, यांच्यामार्फत गट जोडलेले असतात. १० ते २० बायका, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची वही, याला पंचसूत्री म्हणतात आणि बँक खरोखर ती वही उघडून बघते. साधारण सहा महिने गट नीट चालला की कर्जाला पात्र होतो, आणि पहिल्या वेळचं टर्म लोन गटाच्या जमा निधीच्या सहा पट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते, असा नियम आहे. परतफेड चांगली असली की पुढच्या वेळी वाढतं.

व्याजाचं बघा, ग्रामीण अभियानातल्या गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यानं कर्ज मिळतं. याच पैशासाठी बाहेर किती पडतात ते पुढं सांगते.

दोन गोष्टी शाखेत ठामपणे सांगायच्या. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही आणि गटाचं बचत खातं गोठवून, त्यावर लिअन, म्हणजे बँकेचा हक्क लावून पण ठेवता येत नाही, रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रक आहे. दुसरं, गटातल्या एखादीचं किंवा तिच्या घरच्याचं जुनं कर्ज थकलंय म्हणून सगळ्या गटाला नाही म्हणायचं नसतं, गट स्वतः थकीत नसला पाहिजे एवढंच. आमच्या ओळखीतल्या एका गटाला हेच कारण सांगून चार महिने फिरवलं होतं, परिपत्रकाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली तेव्हा फाइल हलली.

मायक्रोफायनान्सवाले घरी येतात तेव्हा

ते वाईटच असतात असं नाही, अडीला नडीला तेच येतात, बँकेचा साहेब काही दारात येत नाही. पण "फ्लॅट १४ टक्के" हा शब्द ऐकला की कान टवकारा. १ लाख दोन वर्षांसाठी फ्लॅट १४ टक्क्यानं म्हणजे व्याज २८ हजार आणि हप्ता ५,३३३. ऐकायला १४, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच लागत राहतं, त्यामुळं बँकेच्या घटत्या पद्धतीनं मोजलं तर हे जवळपास २५ टक्के पडतं. म्हणून सही करायच्या आधी त्यांच्याकडून व्याज आणि चार्जेस लिहिलेला कागद मागायचा, त्यात वर्षाचा खरा दर लिहावाच लागतो, त्यात बघायचं, एजंट तोंडानं सांगतो ते नाही. आणि घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेनंच घालून दिलीय, तरी तीन तीन ठिकाणचे हप्ते भरणाऱ्या बायका आहेतच.

मुद्रा

छोट्या धंद्यांच्या कर्जाची केंद्राची योजना, २०१५ ला सुरू झालेली, सगळ्यांना नावानं माहीत असलेली. मुद्रा स्वतः कोणाला पैसे देत नाही, तुमची नेहमीची बँकच देते, मुद्राच्या नावानं फोन करून "लोन मंजूर झालंय, २ हजार भरा" म्हणणारा चोर असतो. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि ज्यांनी तरुणचं कर्ज घेऊन नीट फेडलंय त्यांना आता तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. तारण नाही. आणि हो, यात सबसिडी नाही, कोणी काहीही सांगू दे.

अर्जाला आधार पॅन उद्यम फोटो, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि मशीनचं कोटेशन. कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या खऱ्या विक्रेत्याचं घ्या कारण टर्म लोनचे पैसे बहुतेक वेळा तुमच्या हातात न देता बँक थेट विक्रेत्याला पाठवते. भावाच्या दुकानाचं कोटेशन नेऊ नका, लगेच कळतं.

पहिल्याच वेळी किशोरचे ५ लाख मागण्यापेक्षा शिशूचे ५० हजार घेऊन वर्षात फेडलेले बरे असं मी सांगते, सगळ्यांना पटत नाही.

सबसिडीवालं: पीएमईजीपी, आणि माझी चूक

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. खादी आयोग, खादी बोर्ड नाहीतर जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत ऑनलाइन अर्ज. मॅन्युफॅक्चरिंगला प्रोजेक्ट ५० लाखांपर्यंत, सर्व्हिसला २० लाखांपर्यंत. बाई कुठल्याही जातीची असो, विशेष प्रवर्गात धरतात, म्हणजे स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि सबसिडी शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के.

आकड्यात सांगते. गावात ६ लाखाचं युनिट. तुमचे ३० हजार, बँकेचं कर्ज ५ लाख ७० हजार, सबसिडी २ लाख १० हजार. पण हे २ लाख १० हजार हातात येत नाहीत हे नीट समजून घ्या, ते तुमच्या नावानं बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकवून ठेवतात, तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लावत नाहीत, आणि तीन वर्षांनी कोणीतरी येऊन युनिट खरंच चालू आहे का बघून जातं, मग ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे खरी फेड ३ लाख ६० हजारांची आणि त्यावरच्या व्याजाची. मधेच शटर ओढलं तर सबसिडी गेली. "सबसिडी उचलून देतो, १० टक्के माझे" म्हणणारे एजंट हा भाग सांगत नाहीत.

मॅन्युफॅक्चरिंगचा प्रोजेक्ट १० लाखांच्या वर किंवा सर्व्हिसचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास पाहिजे, त्याच्या खाली शिक्षणाची अट नाही. नवरा बायको मिळून एकालाच. मटण चिकनवर प्रक्रिया, दारू, तंबाखू यात बसत नाही.

आणि युनिट नवीनच पाहिजे. इथं मी आपटले. मला वाटलं मशीन लवकर बसवलं तर बँकेवर छाप पडेल, म्हणून दागिने ठेवून १ लाख ४० हजारांचं कांडप मशीन आणलं, चार महिने मिरची कुटली आणि मग ऐटीत अर्ज केला. पाहणीला आलेल्या माणसानं मशीनवरची लाल धूळ बघितली, बोट फिरवलं आणि म्हणाला "ताई हे तर चालू युनिट आहे". संपलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, नियमच तसा आहे, मी वाचला नव्हता. त्यामुळं मंजुरीच्या आधी एक स्क्रू पण विकत घेऊ नका.

आधी मुद्रा घेऊन चांगलं चालवलेल्या युनिटला वाढीसाठी याच कार्यक्रमात दुसरं कर्ज असतं, मॅन्युफॅक्चरिंगला १ कोटीपर्यंत, सबसिडी १५ टक्के. राज्याचा पण असाच मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, २०१९ पासून, तो जिल्हा उद्योग केंद्रातच चालतो, त्यात महिलांसाठी ३० टक्के कोटा. दोन्हीचा फायदा एकत्र घेता येत नाही, एकच निवडा.

खाण्याच्या धंद्याला

मला शेवटी ज्यानं तारलं ते हे. पीएमएफएमई, सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना, आपल्याकडं कृषी विभागामार्फत. यात चालू युनिट पण चालतं! ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. लोणचं पापड मसाले चिक्की बेकरी गूळ, सगळं बसतं. गटातल्या बायकांना प्रत्येकी ४० हजार बीज भांडवल पण आहे. सगळ्यात भारी म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती नावाचा माणूस नेमलेला असतो, तो तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देतो, बँकेत पाठपुरावा करतो आणि त्याचे पैसे त्याला सरकार देतं, तुम्ही नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात नंबर मिळतो. सबसिडी इथं पण तीन वर्षं बँकेतच पडून असते.

एक लक्षात ठेवा, यातल्या बऱ्याच केंद्राच्या योजनांचा कालावधी मार्च २०२६ पर्यंतचा ठरवलेला होता, त्यामुळं अर्ज भरायला बसायच्या आधी या वर्षाचं टार्गेट आलंय का हा प्रश्न ऑफिसात विचारायचाच.

शिवणकाम करणाऱ्या, हार बनवणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या बायकांनी पीएम विश्वकर्मा बघावं, २०२३ ला सुरू झालं, १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, ट्रेनिंगचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्क्यानं आधी १ लाख मग २ लाख कर्ज. घरटी एकालाच आहे हे, तेव्हा नवऱ्यानं आधी घेतलंय का बघा. हातगाडी, फुटपाथवर बसणाऱ्यांना स्वनिधी ही केंद्राची कर्ज योजना. जातीनिहाय महामंडळं वेगळी, अण्णासाहेब पाटील, महात्मा फुले, वसंतराव नाईक वगैरे, त्यात कुठं व्याज परतावा कुठं बीज भांडवल, आपापल्या महामंडळाच्या जिल्हा ऑफिसला एक चक्कर मारा. व्याज परताव्यात हप्ता आधी स्वतः वेळेवर भरायचा असतो, व्याजाचे पैसे नंतर खात्यात येतात. हप्ता थकला की परतावा नाही.

मोठं कर्ज लागत असेल तर

घर गहाण टाकायला सासरचे तयार नसतात आणि घर सहसा बाईच्या नावावर नसतंच, ही खरी अडचण. त्यासाठी सीजीटीएमएसई आहे, म्हणजे तारणाच्या जागी सरकारी ट्रस्ट बँकेला हमी देतो, महिला उद्योजकांना हमीचं प्रमाण जास्त आणि फीमध्ये सवलत. तुम्ही ट्रस्टकडं जायचं नसतं, बँकेलाच म्हणायचं की केस सीजीटीएमएसई मध्ये करा. मॅनेजर टाळतात. तरी १० लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचंच नाही हा नियम तुमच्या बाजूनं आहे. १० लाख ते १ कोटीची स्टँड अप इंडिया ही योजना २०१६ पासून होती, ती २०२५ पर्यंतची होती, आणि २०२५ च्या बजेटमध्ये पहिल्यांदा धंदा करणाऱ्या ५ लाख महिला आणि एससी एसटी उद्योजकांसाठी २ कोटींपर्यंतच्या कर्जाची घोषणा झाली. जुने व्हिडिओ बघून स्टँड अपचा फॉर्म मागायला जाऊ नका.

अ‍ॅप, मशीन, काहीतरी नवीन प्रॉडक्ट अशी स्टार्टअप कंपनी असेल तर राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना, २०२४ ची. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता, महिलेचा वाटा किमान ५१ टक्के, एक वर्ष तरी चालू आणि उलाढाल १० लाख ते १ कोटी, तर १ ते २५ लाख. ब्युटी पार्लर आणि किराणा यात बसवायला जाऊ नका, मला विचारून झालंय सगळ्यांचं.

पैसे सोडून बाकी

प्रत्येक जिल्ह्यात बहुतेक करून आरसेटी असते, बँकेनं चालवलेली ट्रेनिंगची संस्था, राहणं खाणं ट्रेनिंग सगळं फुकट. पार्लर, शिवण, दुग्ध, अगरबत्ती, मोबाइल रिपेअर. तिथल्या सर्टिफिकेटला शाखेत किंमत आहे आणि ट्रेनिंगनंतर कर्जाच्या फाइलला पण मदत करतात. विक्रीसाठी जेम पोर्टल, सरकारी खात्यांची खरेदी तिथं होते, आणि केंद्राच्या खात्यांनी ३ टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म लघु उद्योगांकडून करायची असं धोरण आहे. पेमेंट उशिरा येतं असं धरून चाला, म्हणजे तेवढं खेळतं भांडवल हाताशी पाहिजे.

शाखेत गेल्यावर

१ ते ५ तारखेला जाऊ नका, पगार पेन्शनची गर्दी असते, मार्चमध्ये तर अजिबात नको. दुपारी तीननंतर साहेब जरा मोकळा असतो. एकटीनं जा नाहीतर गटातली बाई न्या, नवऱ्याला नेलं की साहेब त्याच्याशीच बोलतो, स्वतः बघितलंय. विचारतील काय? महिन्याला किती किलो, कोणाला विकता, किलोमागं काय सुटतं, तुमच्या शेजारी दुसरी गिरणी निघाली तर. हे आकडे तोंडपाठ हवेत, सीएनं बनवलेला रिपोर्ट उघडून शोधत बसलात की त्याला कळतं.

अर्ज दिला की पोच घ्यायची, तारीख आणि शिक्का. "तुमचा एरिया आमच्याकडं येत नाही", "टार्गेट संपलं", "आधी एफडी करा" असं तोंडी सांगतात, तेव्हा हसून म्हणायचं की एवढं कागदावर लिहून द्या. बऱ्याचदा तिथंच सूर बदलतो. नाही बदलला तर शाखेच्या वरच्या ऑफिसला लेखी तक्रार, शिवाय प्रत्येक जिल्ह्याला लीड बँक असते तिच्या जिल्हा व्यवस्थापकाला, एलडीएम म्हणतात त्याला, त्याची कॉपी. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा भलतंच दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही.

कर्ज जमा झालं की त्याच आठवड्यात मंजुरीपत्राची कॉपी मागून घ्या आणि त्यात बघा की कर्जासोबत न सांगता विम्याची पॉलिसी चिकटवलीय का, हप्ता कितव्या महिन्यापासून आहे, आणि पीएमईजीपी किंवा पीएमएफएमईची केस असेल तर सबसिडीचा क्लेम बँकेनं पाठवला का. हा क्लेम पाठवायचा शाखा विसरते. माझ्या शेजारणीचा सात महिने तसाच पडून होता, ती रोज दुकान उघडायच्या आधी शाखेत जाऊन बाकावर बसायला लागली तेव्हा आठव्या दिवशी गेला.